‘औषध वितरण’ करणारे शास्त्रज्ञ कोण?

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत मुंबईतील कोणकोणत्या प्राध्यापकांची नावे आली, याची बातमी आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत गेल्या आठवड्यात वाचली. नाव, संस्था, विषय आणि क्रमांक असा चार रकान्यांचा तक्ता तिच्यासोबत होता. त्यात एकांच्या नावापुढे विषय म्हणून ‘औषध वितरण’ असे छापले होते, तर दुसऱ्यांच्या नावापुढे ‘आण्विक प्रतिमा’. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, ज्यांची सारी हयात प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या औषधांच्या घाऊक व्यापारात गेली. त्यांनी ती बातमी मला दाखवून अगदी गंभीरपणे विचारले, “वितरणात एवढं काय संशोधन असतं हो? आम्ही चाळीस वर्षं तेच करत होतो, आम्हाला कुणी यादीत घातलं नाही.” त्यांचे हसू आले खरे, पण चूक त्यांची नव्हती. छापलेल्या शब्दाचा मराठीत जो अर्थ होतो तोच त्यांनी घेतला होता.

मी एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये देऊन तपासणी आणि उपचार करणाऱ्या, विभागात १९८१ ते २०१६ अशी पस्तीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आहे. शास्त्रज्ञ नाही आणि तसा दावाही नाही. परंतु या दोन विषयांतल्या मंडळींनी शोधून काढलेल्या गोष्टी रोज सकाळी हाताळणे हेच माझे काम होते. त्यामुळे त्या दोन शब्दांविषयी आणि त्यांच्यामागच्या माणसांविषयी थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर कात्री लावण्याचा आपला अधिकार आहेच.

आधी शब्दांचे पाहू. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल, हे आपण शाळेत शिकतो. हिंदीत मात्र ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी मजकूर समोर ठेवून घाईने मराठी केले की मॉलिक्युलर इमेजिंगचे ‘आण्विक प्रतिमा’ होते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे पोखरण उभे राहते. खरा शब्द ‘रेण्वीय प्रतिमांकन’ असा आहे. शरीराच्या आत कोणता रेणू कुठे आहे आणि तिथे काय करतो आहे, हे शरीर न उघडता बाहेरून पाहण्याची ती विद्या आहे. घोळ आणखी वाढतो तो यामुळे, की हे पाहण्यासाठी बरेचदा किरणोत्सारी अणूच वापरावा लागतो, म्हणजे चुकलेला शब्दही सर्वस्वी खोटा ठरत नाही. ‘ड्रग डिलिव्हरी’ला ‘औषध वितरण’ म्हणण्यात मात्र असा कुठलाच बचाव नाही. तिथे प्रश्न औषध दुकानापर्यंत पोहोचण्याचा नसून ते शिरेत किंवा पोटात गेल्यानंतर नेमके हव्या त्या पेशीपर्यंत कसे पोहोचेल आणि नको तिथे जाणार नाही, असा आहे. ‘औषधवहन’ हा शब्द चालेल. तो जड वाटत असेल तर सरळ ‘ड्रग डिलिव्हरी’ लिहावे, निदान कुणाची फसगत होणार नाही.

या दोन्ही विषयांचे नाते मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. ते आमच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याच्या खोलीत, कळले. १९८१ साली मी रुजू झालो तेव्हा सकाळी साडेसहाला कामाला सुरुवात होई. आठवड्यातून एकदा तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून, शिशाच्या जाड भांड्यातून मॉलिब्डेनम-९९ येई. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विरण्याचा काळ, ६६ तासांचा असून त्यातून सतत टेक्नेशियम-९९एम तयार होत राहते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे सहा तास, म्हणून ते रोज ताजे काढावे लागे. जगभरातल्या प्रयोगशाळांत या कामाला ‘गाय दोहणे’ म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणत असू. परदेशातली गाय सोपी होती, कारण तिथे नळकांड्यातून सलाईन सोडले की खाली टेक्नेशियम मिळे. आमच्याकडच्या मॉलिब्डेनमसाठी द्रावक वापरावा लागे. मिथिल इथिल किटोन त्या द्रावणात ढवळून थोडा वेळ स्थिर ठेवले की दोन थर वेगळे होत. टेक्नेशियम वरच्या थरात येई. तो थर काढून घ्यायचा, ॲल्युमिनाच्या नळीतून गाळायचा, पाण्याच्या वाफेवर आटवायचा आणि उरलेले सलाईनमध्ये विरघळवून घ्यायचे. त्या किटोनचा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास सदऱ्याला इतका चिकटे की लोकलमध्ये शेजारचा माणूस मान वळवून पाही.

एवढ्या खटाटोपातून हाती येणारे टेक्नेशियम स्वतः फारसे कामाचे नसते. त्याला सोबती द्यावा लागतो. फॉस्फेटच्या जातीचा सोबती दिला की ते हाडांत जाते. डीटीपीए दिले की मूत्रपिंडातून गाळले जाते. गंधकाचे सूक्ष्म कण दिले की त्याचा मोठा हिस्सा काही मिनिटांत यकृतात जाऊन बसतो, कारण यकृतातल्या कुप्फर नावाच्या पेशी रक्तातले परके कण वेचून गिळत असतात. टेक्नेशियम तेच, रुग्ण तोच, शीरही तीच, पण सोबती बदलला की मुक्कामाचे ठिकाण बदलते. हेच औषधवहन. आणि ते कुठे गेले हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते, तेच प्रतिमांकन. एकदा माझ्याच हातून हाडांच्या किटच्या, म्हणजे तो सोबती असलेल्या तयार भुकटीच्या, बाटलीत थोडी हवा शिरली आणि आतले कथिलाचे क्षार बिघडले. स्कॅनमध्ये फासळ्या पुसट आल्या आणि गळ्याशी व पोटात दोन ठळक डाग उमटले. आमच्या विभागप्रमुख बाईंनी पडद्याकडे एक नजर टाकून रुग्णाविषयी एक शब्दही न बोलता मला विचारले, “किट कुणी बनवलं?” सोबती सुटलेले मोकळे टेक्नेशियम थायरॉइडमध्ये आणि जठरात जाते, हे त्यांना ठाऊक होते. तो स्कॅन दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागला आणि रुग्णाला पुन्हा बदलापूरहून यावे लागले, ते मी विसरलेलो नाही.

आता यादीकडे वळतो. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओअनिडिस आणि त्यांचे सहकारी दरवर्षी तयार करतात. संशोधकाच्या निबंधांचे इतरांनी किती संदर्भ दिले, त्यात तो एकटा लेखक होता की पहिला की शेवटचा, अशा आकड्यांचा मिळून एक गुणांक काढला जातो. त्यात सर्व विषयांतली एक लाखाहून अधिक नावे असतात. आकडेमोड प्रामाणिक आहे आणि नाव येणे भूषणावह आहे, याविषयी शंका नाही. माझे म्हणणे एवढेच की संदर्भांची मोजदाद ही शास्त्रज्ञाची ओळख होऊ शकत नाही, आणि बातमीने तर फक्त तीच दिली. (महाविद्यालयांनी त्या यादीवरून प्रवेशद्वारापाशी फलक लावावेत, हे एक वेळ समजू शकतो. वर्तमानपत्राने फलकाचीच नक्कल का करावी?)

शरीरातून येणारे किरण टिपणाऱ्या ज्या गॅमा कॅमेऱ्यापुढे मी निम्मे आयुष्य काढले तो कॅलिफोर्नियात बर्कली येथे हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात बांधला. ते विद्युत अभियंता होते आणि त्यांच्याकडे पीएचडी नव्हती. टेक्नेशियमच्या त्या गाईची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन हे दोघे वेगळ्याच एका द्रव्याच्या शुद्धतेवर काम करीत असताना त्यात टेक्नेशियमची भेसळ आढळली, आणि त्या भेसळीचा माग काढताना १९५८ च्या सुमारास हा जनरेटर, म्हणजे ती गाय, जन्माला आला. प्रयोगशाळेने पेटंटसाठी विचारणा केली तेव्हा, या द्रव्याला पेटंटचा धोका पत्करावा इतकी बाजारपेठ असल्याचे आमच्या पाहण्यात नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. आज त्याच टेक्नेशियमवर जगात दरवर्षी कोट्यवधी तपासण्या होतात. १९५८ साली कुणी अशी यादी केली असती तर टकर आणि ग्रीन तिच्यात कुठे असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

पेट स्कॅन हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे, पण त्यात नेमके काय होते हे रांगेत बसलेल्या दहांपैकी आठ जणांना माहीत नसते, असा माझा अनुभव आहे. साखरेच्या रेणूतला एक तुकडा काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवतात. त्याला एफडीजी म्हणतात. कर्करोगाच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, म्हणून त्या ही बनावट साखरही भराभर आत ओढतात. आत गेल्यावर तिच्यावर पहिली रासायनिक प्रक्रिया होते, पण पुढची होऊ शकत नाही आणि मागेही फिरता येत नाही. सायंकाळी दादरला विरार लोकलमध्ये ढकलला गेलेला माणूस जसा अंधेरीला उतरू शकत नाही, तशी ती पेशीत अडकून पडते, आणि जिथे अशी गर्दी साठली ती जागा पडद्यावर उजळते. हे एफडीजी ब्रुकहेवनमध्येच तात्सुओ इदो, जोआना फाउलर आणि आल्फ्रेड वुल्फ यांच्या गटाने तयार केले. ऑगस्ट १९७६ मध्ये ते विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन तिथे अबास अलावी यांनी माणसाला प्रथम दिले. पेटचे यंत्र त्याच सुमारास सेंट लुइसमध्ये मायकेल फेल्प्स, एडवर्ड हॉफमन आणि मिशेल टेर-पोगोसियन यांनी उभे केले. रसायनवाले एका गावी, यंत्रवाले दुसऱ्या, डॉक्टर तिसऱ्या. यातले ‘आघाडीचे’ कोण?

विमान का लागले, तर फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे आहे म्हणून. आमच्या रुग्णालयात असे किरणोत्सारी अणू बनवणारे यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, नव्हते, एफडीजी गाडीने येई. एका जुलैत ती गाडी हिंदमाताच्या पाण्यात अडकली आणि दीड तास उशिरा पोहोचली. सात रुग्ण आदल्या रात्रीपासून उपाशी बसले होते. डोस कॅलिब्रेटरवर आकडा पाहिला तर चार जणांपुरतेच शिल्लक होते. उरलेल्या तिघांना बाहेर जाऊन सांगण्याचे काम माझ्यावर आले. “साहेब, औषध आलं ना आत्ता, आम्ही डबा बघितला,” असे त्यांतली एक बाई म्हणाली. डबा आला होता, आतले औषध वाटेत विरले होते, हे तिला कसे समजवायचे?

या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते संजीव उर्फ सॅम गंभीर मूळचे भारतातले, १९६२ साली अंबाल्यात जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेले. आधी लॉस एंजेलिसला फेल्प्स यांच्यासोबत आणि २००३ पासून स्टॅनफर्डमध्ये त्यांनी काम केले. जनुकोपचारात रुग्णाला नवे जनुक दिले तरी ते आत कामाला लागले की नाही, हे कळायला मार्ग नसतो. गंभीर यांच्या गटाने उपचाराच्या जनुकासोबत एक खबऱ्या जनुक पाठवण्याची रीत विकसित केली. जिथे तो जागा होतो तिथे पेट स्कॅनवर दिसणारा रेणू अडकून राहतो आणि खबर मिळते. कर्करोग लवकरात लवकर पकडणे हा त्यांच्या पुढच्या आयुष्याचा ध्यास होता. त्यांचा एकुलता मुलगा किशोरवयातच मेंदूच्या कर्करोगाने २०१५ साली गेला आणि जुलै २०२० मध्ये ते स्वतःही कर्करोगानेच गेले. या माणसाविषयी मराठीत किती छापून आले, ते आपल्या कात्रणसंग्रहात पाहावे.

औषधवहनाची कथा प्रतिमांकनाइतकी रंगीत नाही, पण तिच्यात धडे अधिक आहेत. केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्निग्ध पदार्थांचे पाण्यातले रूप पाहिले, तेव्हा त्यांना पेशीच्या आवरणासारखे बारीक फुगे दिसले. तेच लायपोसोम. ते पाहताना बँगहॅम यांच्या डोक्यात औषध नव्हते. त्या फुग्यात औषध भरून पाठवावे, ही कल्पना ग्रेगरी ग्रेगोरियाडिस प्रभृतींनी पुढे नेली. हिंमत करून असे कर्करोगाचे औषध बाजारात आणेपर्यंत तीस वर्षे गेली. जेरुसलेमचे येहेझकेल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गबिझोन यांनी घडवलेल्या डॉक्सिलला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. केमोथेरपीच्या वॉर्डात जे लाल इंजेक्शन म्हणून ओळखले जाते ते डॉक्सोरुबिसिन हृदयाला अपाय करते. तेच फुग्यात बंद केल्याने तो धोका बराच कमी झाला.

पण फुगे गाठीपर्यंत पोहोचतात का? जपानचे हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले होते की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला निचरा कमकुवत असतो, म्हणून मोठे रेणू तिथे साचतात. या एका विचारावर हजारो निबंध लिहिले गेले. लंडनमध्ये केविन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी लायपोसोमला किरणोत्सारी इंडियम-१११ लावून ते १७ रुग्णांना दिले आणि गॅमा कॅमेऱ्याखाली पाहिले. त्यांचा निबंध २००१ सालचा आहे. १७ पैकी १५ जणांच्या गाठी दिसल्या, पण डोक्या-मानेच्या गाठींत भरपूर आणि स्तनांच्या गाठींत त्या मानाने पुष्कळ कमी. म्हणजे एकच औषध एकाला पावते आणि दुसऱ्याला नाही, आणि कुणाला पावणार हे आधी चित्र काढून पाहता येते. मला विचाराल तर या दोन विषयांतला हा सर्वांत मोलाचा प्रयोग आहे. पुढे २०१६ मध्ये टोरोंटोचे वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला, तर टोचलेल्या सूक्ष्म कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक (म्हणजे मधले) प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. हजारांतले सात. उरलेल्यांतले पुष्कळसे कुठे जातात? यकृतात. ज्या कुप्फर पेशींचे चित्र आम्ही गंधकाचे कण टोचून रोज काढत होतो, त्याच या शास्त्रज्ञांच्या वाटेतला जकात नाका आहेत. हे वाचले तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो आणि आपण पस्तीस वर्षे काय पाहत होतो ते मला नव्याने कळले.

बॉस्टनजवळच्या एमआयटीमधील रॉबर्ट लँगर यांचे नाव या विषयात सर्वतोमुखी असते. मोठे रेणू प्लास्टिकसारख्या बहुवारिकातून हळूहळू झिरपू शकतात, हे त्यांनी जुडा फोकमन यांच्यासोबत १९७६ साली दाखवले, तेव्हा जाणकारांचा त्यावर विश्वास बसला नाही. अनुदानासाठीचे आपले पहिले नऊ अर्ज फेटाळले गेले, असे ते स्वतः सांगतात. त्यांच्याच हाताखाली १९९०च्या दशकात माटुंग्याचा एक विद्यार्थी होता. समीर मित्रगोत्री यांनी १९९२ साली यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून, रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि एमआयटीत जाऊन कमी कंपनसंख्येच्या ध्वनिलहरींनी कातडीतून इन्शुलिनसारखे मोठे रेणू आत सोडता येतात हे दाखवले. तो निबंध १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कातडीचा वरचा मृत थर विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखा असतो. ध्वनिलहरींमुळे उठणारे बुडबुडे त्यातला चुना तात्पुरता विस्कटतात. पुढे सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आणि नंतर हार्वर्डमध्ये त्यांनी तांबड्या रक्तपेशींच्या पाठीवर कण बसवून ते फुफ्फुसापर्यंत नेण्यासारख्या कल्पनांवर काम केले. किंग्ज सर्कलवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

परळची गोष्ट तर आपल्या बातमीदारांना चालत जाऊन विचारता आली असती. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत होते त्या रोगाची साथ आली. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक शहरभर धावत होते, आणि आपल्या दैनिकासह सर्वांनी तुटवड्याच्या बातम्या पहिल्या पानावर दिल्या. साधे ॲम्फोटेरिसिन हे जुने आणि प्रभावी औषध आहे, पण ते देताना रुग्ण थंडीतापाने अक्षरशः खाट हलवतो आणि मूत्रपिंडांवर त्याचा मार बसतो. लायपोसोममध्ये घातले की तो मार सौम्य होतो. त्या गदारोळात एका गोष्टीचा उल्लेख कुठेच दिसला नाही. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातील प्रा. बच्छावत यांच्या गटाच्या सहकार्याने, देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन १९९०च्या दशकातच रुग्णांपर्यंत नेले होते. परदेशी कुपी सामान्य रुग्णाच्या आवाक्यात नव्हती, म्हणून सरळ सलाईनमध्ये तयार मिळणारे रूप त्यांनी स्वीकारले. ते देण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्रात पाऊण तास ठेवावे लागते, म्हणजे कण योग्य आकाराचे होतात. पालिकेच्या रुग्णालयात, त्या गर्दीत आणि त्या साधनांनिशी हे झाले. क्रमांक देता आला नाही तरी चालेल, पण ही माहिती देता आली असती.

त्याच परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली तिथेच बसला. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ देण्याची पद्धत मुंबईकरांना तिथूनच ठाऊक झाली. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये किरणोत्सारी आयोडीन उपचार म्हणून प्रथम थायरॉइडच्या रुग्णाला दिले, त्यातच पुढच्या साऱ्या विचाराचे बीज होते. जो रेणू रोगाची जागा दाखवतो, त्यालाच तिथे जाऊन मारायलाही सांगायचे. आज न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या, गाठींच्या रुग्णाला आधी गॅलियम-६८ लावलेला रेणू देऊन पेट स्कॅनवर गाठ तो उचलते का ते पाहतात. उचलत असेल तर जवळपास त्याच रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून तो औषध म्हणून देतात. ल्युटेशियमचे बीटा कण गाठ जाळतात आणि गॅमा किरण ते कुठे गेले हे दाखवत राहतात. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. परळला रुग्ण त्याआधी कित्येक वर्षे तो घेत होते. तुर्भ्याच्या रेडिओफार्मास्युटिकल विभागाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. मीरा वेंकटेश पुढे व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत संचालक झाल्या, तेही इथल्याच कामाच्या बळावर. अशा उपचारानंतर घरी जाणाऱ्या आजोबांना काही दिवस नातवंडाला मांडीवर घेऊ नका, असे सांगताना मी पुष्कळदा पाहिले आहे की त्यांना कर्करोगापेक्षा त्याच सूचनेचे जास्त वाईट वाटते.

आपल्याकडे एवढीच विनंती आहे की पुढच्या वर्षी ती यादी येईल तेव्हा क्रमांकाचा रकाना हवा तर ठेवावा, पण त्यातल्या दोघा-तिघांना तरी बातमीदाराने फोन करून विचारावे की तुमचे औषध शरीरात कुठे जाते, आणि ते तिथे गेले हे तुम्हाला कसे कळले. या विषयांतला खरा शास्त्रज्ञ त्यावर तासभर बोलेल आणि त्यातले निम्मे बातमीदाराला समजेल. तोवर निदान दुरुस्तीच्या चौकटीत ‘आण्विक’च्या जागी ‘रेण्वीय’ आणि ‘वितरण’च्या जागी ‘वहन’ असे छापावे. प्रिन्सेस स्ट्रीटवाल्या आमच्या शेजाऱ्यांना मी ते कात्रण नेऊन देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रज्ञ
मुलुंड (पूर्व), मुंबई